पाय पुसून या

माणसाला कुंपण घालायचं सुचलंही नव्हतं, तेव्हाची गोष्ट. माळावर भोपळ्याच्या वेलाला पहाटे एक मादीफूल उमललं. पोटाखाली बोराएवढा भोपळा, आणि तोरा केवढा! राही मधमाशी नरफुलातून परागानं पिवळीधमक होऊन आली, तर हे फूल म्हणतं कसं, "मावशी, पाय पुसून आत या. घर घाण होतं."

राहीच्या अंगाचा तिळपापड झाला. "अगं, हे पराग तुझ्याच लेकरासाठी आणलेत! दुपारी मिटलीस की मग कोण येणार?"

"भुंगेराव बघा! मागून भोक पाडून मध पितात, पण आत एक कण सांडत नाहीत."

"चोराला राव म्हणायचं, आणि राबणारीनं पाय पुसायचे? राहा तशीच स्वच्छ!" राही फणकाऱ्यानं शेजारच्या वेलावरच्या मादीफुलात शिरली.

दुपारी दोन्ही फुलं मिटली. आठवड्याभरात शेजारच्या वेलावरचा भोपळा तांब्याएवढा झाला. स्वच्छ फुलाचा मात्र पिवळा पडून गळाला.

तो गळाला त्याच्या दुसऱ्या पहाटे त्या स्वच्छ फुलाच्याच वेलावर नवं मादीफूल उमललं. राही समोरून जाताना दिसताच ते घाईघाईनं ओरडलं, "मावशी, पाय पुसू नका हो!"

राहीचा राग अजून उतरला नव्हता. तरी ती आत शिरली, आणि मुद्दाम पाय आपटत चालली.