मानाचा पाट

फार फार पूर्वीची गोष्ट. डोंगरापलीकडच्या एका गावात म्हाताऱ्या माणसांना केवढा मान! केस पिकले की घरचे ओसरीवर पाट मांडत आणि म्हणत, "आता बसा. इकडची काडी तिकडे करायची नाही." पाणी हातात, जेवण पुढ्यात. आलेल्या पाहुण्याचं नावसुद्धा कुणीतरी कानात सांगे. तुम्ही म्हणाल, किती गुणी गाव!

त्या गावातल्या एका कुंभारणीला असा पाट मिळाला. काही दिवस बरं वाटलं. मग एक प्रश्न तिला छळू लागला. पाटावर बसलेलं माणूस पुन्हा चालताना का दिसत नाही?

शेजारच्या ओसरीवर तिची थोरली जाऊ बसलेली असे. तिला विचारलं, तर ती हसली. "अगं, उठायचं कशाला? सगळं जागेवर मिळतं की!"

"पण मनात आलं तर उठता येतं का?"

जावेनं उठू पाहिलं. जमेना. कुंभारीण उठू लागली, तर तिलाही भिंत धरावी लागली. तिला वाटलं, आपल्या पायांनी नदीवर जाणं आता संपलंच की काय?

त्या दिवसापासून ती हात न टेकता पाटावरून उठे, बसे, पुन्हा उठे. नदीवरून अर्धी घागर आणी. आठवण शाबूत राहावी म्हणून मिठाची बरणी रोज नव्या जागी ठेवी आणि दुसऱ्या दिवशी न शोधता काढून देई.

सून वैतागली. "सासूबाई, मीठ कुठंय?"

"थांब, आठवतेय."

"आणि ती घागर! लोक म्हणतील, सून म्हातारीला राबवते."

"लोकांना म्हणू दे. माझे गुडघे काय म्हणतात, ते मी ऐकते."

एकदा भरदुपारी सून अंगणात घसरली आणि तिचा पाय मोडला. धडधाकट माणसं सगळी लांब शेतावर. तिच्या किंकाळ्या ओसऱ्या-ओसऱ्यांवर ऐकू गेल्या, पण पाटावरून कुणालाच उठता येईना. कुंभारीण तेवढी उठली. हाडवैद्याचं घर डोंगराच्या कुठल्या वळणावर, हे तिला पक्कं आठवत होतं. काठी टेकत गेली आणि त्याला घेऊन आली.

मग सून पाटावर आणि सासू चुलीपुढं. पाय जुळला, तशी सून लाडानं म्हणाली, "अजून चार दिवस बसू?"

म्हातारीनं तिचा हात धरून तिला उभं केलं. "माझी जाऊही चारच दिवस म्हणून बसली होती, बाळा."

तात्पर्य: हातपाय आणि डोकं रोज चालतं ठेवावं, म्हणजे म्हातारपणी दुसऱ्याच्या हाताकडे पाहावं लागत नाही.