भात्याचा कोपरा

फार जुन्या काळची गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याच्या राजाचं नावही आता कुणाला आठवत नाही. लोहाराचं नाव तर तेव्हाही कुणी विचारत नव्हतं.

हा लोहार आणि त्याची बायको गावाबाहेर एका चिंचेखाली काम करत. तो ऐरणीवर लोखंड ठोकी, ती भाता ओढून भट्टी फुलवत ठेवी. वारा आला की धूर त्याच्यासोबत निघून जाई. पाऊस आला की मात्र भट्टी विझे आणि मग घरची चूलही. म्हणून दोघांनी ठरवलं, घराला लागूनच लोहारसाळ बांधायची. दोघांनी म्हणजे काय, ठरवलं त्याने आणि मान हलवली तिने.

बांधण्याआधी त्याने अंगणात कोळशाने आखणी केली. मधोमध उभा राहून हात पसरले. एका हाताला ऐरण, दुसऱ्या हाताला भट्टी, मागे वळलं की पाण्याची कुंडी. ऐरणीची उंची त्याने आपल्या मुठीला लावून पाहिली. दार रस्त्याकडे ठेवलं. दारासमोरच्या भिंतीवर सांडश्या आणि हातोडे ओळीने टांगायचे होते, कारण येणाऱ्याची पहिली नजर तिथे पडणार होती.

त्याच भिंतीच्या कडेला एक कोपरा उरला. तिथे त्याने भात्याची जागा दाखवली.

बायको त्या जागी बसून म्हणाली, "अहो, वारा दारातून आत शिरणार आणि धूर सगळा माझ्याकडे येणार. माझ्या डोक्यावर भिंतीत एक झरोका ठेवा."

"तिथं सांडश्या टांगायच्यात."

"तुम्ही तुमची मूठ लावून पाहिलीत. माझं नाक कुठं येतंय तेही बघा की."

तो हसला. "अगं, भाता ओढायला बसायचंय तुला, दरबार भरवायला नाही. झरोक्याचं पुढं बघू."

लोहारसाळ उभी राहिली. फाळ आणि कुऱ्हाडी घ्यायला येणारे लोक दारातच थबकत. "वा, काय साळ बांधलीय! सगळं कसं हाताशी!" लोहार मिशीतल्या मिशीत हसे. धुरात बसलेली बाई दारातून कुणाला दिसत नसे.

मग तिला खोकला लागला. आधी जेवताना यायचा, नंतर झोपेतही येऊ लागला. ती नाकाला पदर बांधून बसू लागली. झरोक्याची आठवण केली, की तो म्हणे, "एवढा हंगाम जाऊ दे." हंगाम गेला की दुसरा येई. ऐरणीच्या आवाजात खोकला ऐकू येत नाही, हे त्याच्या सोयीचंच होतं. मला तर वाटतं, तो जरा जोरातच ठोकत असावा.

एके दिवशी भट्टी मंदावली. मागे न बघताच तो ओरडला, "ओढ की! लोखंड थंड पडतंय."

भाता हलला नाही. तो रागाने वळला. ती भिंतीला टेकून बसली होती. दोरी हातातच होती, श्वास मात्र उरला नव्हता.

दिवसकार्य झालं. लोहाराने पुन्हा भट्टी पेटवली आणि भाता ओढायला स्वतः त्या कोपऱ्यात बसला. आजवर तो तिथे कधी बसलाच नव्हता. भाकरी भाजून व्हावी एवढ्या वेळात त्याचे डोळे चुरचुरले, घसा आवळला आणि तो धडपडत बाहेर पळाला. ती तिथे किती वर्षं बसली होती!

तो परत आत आला. सांडश्या काढून फेकल्या आणि भिंतीवर घण घातला. मातीचीच भिंत ती, थोड्या घावांतच झरोका पडला. धूर सरळ बाहेर निघून गेला. एवढंच काम होतं.

तेवढ्यात फाळ न्यायला एक गिऱ्हाईक दारात आलं. आत बघून म्हणालं, "वा, झरोका छान काढलास! आता भात्याशी बसणाऱ्याला त्रास नाही."

लोहार हातातला घण खाली ठेवून रडू लागला. भट्टी विझत गेली. ती फुलवायला आता कुणीच नव्हतं.

लहानांनो आणि मोठ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा: घर आखताना आपले हात पसरण्याआधी, आपल्यासोबत राबणाऱ्याला श्वास घ्यायला जागा आहे का, ते पाहावं.