लाली आणि तिच्या अंगावरची वडीलधारी मंडळी

गाड्यांना तोंड होतं आणि जुन्या लोखंडाला जरा जास्तच होतं, तेव्हाची गोष्ट. लाली नावाची मोटारसायकल डांबरावर पळायची, डोंगरातही पळायची. पण म्हसोबाची खिंड काही तिला चढवेना. दोनदा ती मागे घसरली. पायथ्याशी मालकीण सगुणा वैतागून म्हणाली, "आता नाही चढलीस, तर विकते बघ तुला!"

"पोरीत दमच नाही," लेगगार्ड म्हणाला. साडीगार्ड, मधला स्टँड आणि रिकामं कॅरिअर यांनी लगेच 'हो' ला 'हो' केलं. नव्या गाडीच्या पूजेला ही जुन्या गाडीवरची मंडळी लालीच्या अंगावर चढली होती, ती उतरायचं नाव घेत नव्हती.

लाली भडकली. "सगुणाताई, पाना काढ. उतरव यांना."

"अगं, वडीलधारी आहेत ती!"

"मग तू घे डोक्यावर."

सगुणाने एकेकाला सोडवून पोत्यात भरलं. पोतं उचलायला गेली, तर दोन्ही हातांनी हलेना. ते तिथंच टाकून ती गाडीवर बसली.

लाली दगडांवरून उड्या मारत सुटली ती थेट माथ्यावर.

खाली पोतं ओरडलं, "बघितलंत? आमच्या आशीर्वादाने चढली!"

लालीला ते ऐकूच गेलं नाही. ती पलीकडच्या उताराला लागली होती.