मायाप्पानं गिऱ्हाईक आपलं केलं

एका गावात एक भोळा सणगर राहत होता. त्याचं नाव मायाप्पा, बायकोचं नाव लगमव्वा. दोघं मिळून लोकरीची घोंगडी विणायचे. घोंगडी अशी दाट, की पाणी ओतलं तर वरच्या वर ओघळून जाईल. पण विणायची अक्कल वाटून झाल्यावर विकायची वाटायला देव आला, तेव्हा मायाप्पा झोपला असावा. घोंगड्यांची थप्पी आढ्याला टेकली, पण एक म्हणून खपेना.

लगमव्वा म्हणाली, "अवो, पुनवेला जत्रा आहे. तोवर हा माल हलला नाही तर माग मोडून चुलीत घालीन आणि जाईन भावाच्या दारात विड्या वळायला. उद्या बाजारात जाऊन बसा."

मायाप्पा बाजारात जाऊन बसला. संध्याकाळी थप्पी तशीच घेऊन परत आला.

"कुणी विचारलं नाही?"

"पुष्कळांनी विचारलं. पण तू बसायला सांगितलं होतंस. बोलायचं कुठं सांगितलं होतंस?"

लगमव्वानं कपाळाला हात लावला. "अवो, नुसतं बसून कसं विकेल? बाजारात ज्याचा माल खपतो त्याच्याकडं बघावं. तो करतो तसं करावं."

"असं होय! आता तसंच करीन."

पुढच्या बाजारी मायाप्पानं चहूकडं बघितलं. सगळ्यांत जास्त गर्दी कलिंगडवाल्यापाशी. तो काय करत होता? सुरीनं कलिंगडाला तिकोनी काप द्यायचा, काप बाहेर काढायचा आणि म्हणायचा, "बघा, आतून लालभडक!"

मायाप्पानं त्याच्याचकडून सुरी मागून आणली. पहिलं गिऱ्हाईक येताच घोंगडीच्या मधोमध खचकन तिकोनी काप काढला आणि त्याच्या नाकापुढं धरला. "बघा, आतूनसुद्धा काळीकुट्ट!"

गिऱ्हाईक पळालं. मायाप्पाला वाटलं, याला ही पसंत नसेल. त्यानं दुसरी कापली. मग तिसरी. घरी आला तेव्हा सहा घोंगड्यांना खिडक्या होत्या.

लगमव्वानं कापलेल्या घोंगड्या बघितल्या आणि मटकन खाली बसली. "अवो, घोंगडी कापतात होय? अंगावर घालून दाखवावी. ऊब लागली की माणूस आपसूक घेतो."

"असं होय! आता तसंच करीन."

तिसऱ्या बाजाराला चैत्राचं ऊन मी म्हणत होतं. शेंगांचा एक व्यापारी, चांगला पोट सुटलेला, धोतराच्या सोग्यानं वारा घेत चालला होता. मायाप्पानं मागून जाऊन डोक्यावरून घोंगडी टाकली आणि वरून घट्ट मिठी मारली.

"ऊब लागली का, शेटजी?"

"लागली! सोड मेल्या!"

"एवढ्यात कशी लागेल? जाड माणूस तुम्ही. जरा दम धरा."

"घामानं भिजलो रे!"

"हां, आता लागायला लागली."

चार माणसांनी मिळून शेटजीला सोडवलं आणि मायाप्पाला चांगला बुकलला. सुजलेलं तोंड घेऊन तो घरी आला.

लगमव्वा हळद लावता लावता म्हणाली, "अवो, गिऱ्हाईकाला दाबून धरतात होय? त्याला देवासारखं मानावं."

"असं होय! आता तसंच करीन."

चौथ्या बाजारी शाळेचे मास्तर आले. "काय मायाप्पा, घोंगडी केवढ्याला?" असं त्यांनी विचारलं मात्र, मायाप्पानं त्यांचे पाय धुतले, कपाळाला बुक्का फासला, पुढ्यात नारळ फोडला. मग घोंगडी त्यांच्या मांडीवर ठेवून साष्टांग नमस्कार घातला.

मास्तर गोंधळले. "अहो, पण पैसे?"

"देवाकडनं पैसे घेऊन मी कुठं जाऊ? गोड मानून घ्या."

मास्तर तरी किती नाही म्हणतील? ही बातमी बाजारभर पसरायला वेळ लागला नाही. बाजार उठेपर्यंत मायाप्पाला आणखी आठ देव भेटले. एक तर स्वतःच नारळ घेऊन आला होता.

त्या दिवशी मायाप्पा हसत घरी आला. "नऊ खपल्या!"

काय घडलं ते ऐकल्यावर लगमव्वा ओरडली नाही. ती लुगडी गाठोड्यात बांधायला लागली. तिचं ओरडणं मायाप्पाला सवयीचं होतं. गाठोडं बघून मात्र तो तिच्या पुढ्यात येऊन बसला.

"अगं, एकदा नीट सांग. शेवटचं."

गाठ मारता मारता ती म्हणाली, "काय सांगायचं? धंदा म्हणजे गिऱ्हाईक आपलं करणं. एकदा आपलं झालं की हजारांत ओळखू यावं, दुसऱ्याच्या दारात जाऊ नये. तुम्हाला नाही जमायचं."

मायाप्पाचे डोळे लकाकले. "एवढंच? मग आधी नाही का सांगायचंस? हे तर मला येतं!"

येणारच की! लहानपणी सात वर्षं त्यानं मामाची मेंढरं राखली होती. मेंढरू आपलं कसं करतात? गेरू कालवायचा आणि पाठीवर पट्टा ओढायचा. मग ते कुठल्याही कळपात घुसू दे, ओळखू येतंच.

पुनवेला दोघं जत्रेला गेली. लगमव्वा माल मांडत होती. तेवढ्यात तिच्या मागं मायाप्पानं बादलीभर गेरू तेलात कालवला, काठीला चिंधी बांधली. ती देवदर्शनाला गेली आणि हा कामाला लागला. देवाच्या अंगणात भंडाऱ्याची उधळण चाललेली. कोण कुणाच्या पाठीला काय लावतोय, कुणाला कळतंय? पाठ दिसली की मायाप्पा मागून पट्टा ओढायचा आणि पुटपुटायचा, "हा आपला. हासुद्धा आपला." पाटील झाला, पुजारी झाला, बंदोबस्ताचा हवालदार झाला. समोरच्या दुकानात घोंगड्याच विकणारा व्यापारीसुद्धा आपला झाला.

लगमव्वा परत येते तर दुकानापुढं हीऽ गर्दी! सगळे पाठमोरे, सगळ्यांच्या पाठी लाल. बादलीतून सांडलेल्या गेरूच्या मागावर सगळे दुकानाशी आले होते. पाटील गरजत होता, "मायाप्पा, तासाभरात मला व्याह्यांच्या पंगतीला बसायचंय! ही पाठ घेऊन बसू?"

मायाप्पा हात जोडून म्हणाला, "बसा की. हरवलात तर मी शोधून आणीन."

पाटलानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. तेलातला गेरू धुऊन जायचा नव्हता. शेवटी त्यानं थप्पीतली एक घोंगडी ओढली, पाठीवर घेतली, पैसे लगमव्वाच्या ओंजळीत टाकले आणि निघून गेला. ते बघून पुजाऱ्यानं घेतली. हवालदारानं घेतली. मग रेटारेटीच सुरू झाली. खिडक्यांवाल्या सहासुद्धा लोकांनी घड्या घालून नेल्या. समोरच्या व्यापाऱ्याकडं फक्त पांढरी घोंगडी होती, तिच्यावर लाल उमटे. तोही मुकाट्यानं मायाप्पाची काळी घेऊन गेला. भर उन्हात सगळी जत्रा घोंगड्या पांघरून घामाघूम फिरत होती.

दिवस मावळायच्या आत मालाखाली अंथरलेली सतरंजीसुद्धा विकली गेली.

घरी जाताना वाटेवरच्या बाया लगमव्वाकडं बघून फिदीफिदी हसायला लागल्या. तिनं पदर पुढं ओढून बघितला. पाठीवरून गेरूचा पट्टा, चांगला वीतभर रुंद!

"अवो! मलासुद्धा?"

"सगळ्यांत आधी तुलाच लावला," मायाप्पा म्हणाला. "तूच दुसऱ्याच्या दारात जायला निघाली होतीस ना?"

लगमव्वानं तोंडाला पदर लावला. आधी रडली, मग हसली, मग पोट धरून हसली. घरी जाऊन तिनं गाठोडं सोडलं.

पुढच्या बाजारापासून लोक लांबलांबून दार विचारत यायला लागले, "लाल पट्ट्यावाल्यांची घोंगडी हवी." आता लगमव्वा बोलते आणि मायाप्पा विणतो. दिवाळीला घरात दुसरा माग आला, आणि मायाप्पानं लगोलग त्याच्या पाठीवरसुद्धा पट्टा ओढला.