हलका झालेला दोरा

“…आणि मी स्वतः विचारलंय तिला, बाबा. दर वेळी विचारलंय. मग आता आणखी काय करायचं माणसानं?”

शेडगे फौजदारांचा आवाज मोठा. नोकरी संपली होती, पण आवाज अजून ड्यूटीवरच होता. समोरच्या खडकावरचा बगळा उठून पलीकडच्या काठाला गेला.

नबीशाबाबांनी उडालेल्या बगळ्याकडे पाहिलं. तळ्याच्या काठी त्यांचा तकिया होता, म्हणजे एक खोली, एक लिंब आणि लिंबाखाली दोन जुनी थडगी. लोक त्यांच्याकडे ताईत मागायला येत. बाबा बहुतेकांना चहा पाजून परत पाठवत.

“बसा,” बाबा म्हणाले.

“बसायला वेळ नाही. परवा पंचमी.”

“मग हुभं ऱ्हाऊन सांगा.”

फौजदार बसले.

भानगड एवढीच होती. त्यांची लेक वैजू घाटाखालच्या गावी दिलेली. पंचमीला लेकीनं माहेरी यायचं आणि तिला आणायला भावानं मुराळी होऊन जायचं, ही रीत. यंदा तिनंच फोनवर सांगितलं, मुराळी पाठवू नका, इथं कामं आहेत. फौजदार म्हणाले, ठीक. त्यांची बायको शालन म्हणाली, ठीक कसलं, पोरीचं काहीतरी बिनसलंय, भावाला, संपतला पाठवा. मग घरात तंटा जुंपला. शेवटी ठरलं की नबीशाबाबा सांगतील तसं करायचं. शालनचा बाबांवर भारी विश्वास. फौजदारांचा विश्वास स्वतःच्या तपासावर.

“तुम्ही एवढंच सांगा तिला, की पोरगी सुखात आहे. तुमचं ऐकते ती.”

“सुखात हाय का?”

“निरंक.”

“म्हंजी?”

“म्हणजे काही नाही. आम्ही ठाण्यातून वर कळवायचो ना, तसं. तक्रार नाही, गुन्हा नाही, तर निरंक लिहून मोकळं व्हायचं.”

बाबांनी मान हलवली. “आन् मालकीण काय म्हनत्यात?”

“तिचा पुरावा ऐका. म्हणते, पोरगी हल्ली माझ्याशी भांडत नाही.” फौजदार खो खो हसले. “भांडत नाही, ही तक्रार! घ्या आता लिहून.”

बाबाही हसले. थोडंसंच.

“अहो, भलेभले माझ्यासमोर पोपटासारखे बोललेत. समोरच्याची पापणी हलली तरी मला कळायचं. ही तर माझी स्वतःची पोर. गेल्या महिन्यात गेलो होतो तिच्याकडं. सासू, सासरा, जावई, सगळे बसलेले. सगळ्यांच्या देखत विचारलं, मला लपवाछपवी जमत नाही. म्हटलं, वैजू, काही त्रास? नाही म्हणाली. डोळ्यांत बघून म्हणाली. विषय संपला. उभ्याउभ्या निघालो.”

“उभ्याउभ्या?”

“पाणीसुद्धा घेतलं नाही. नातवंड होईस्तोवर लेकीच्या घरचं पाणी आमच्यात घेत नाहीत. मी आजवर मोडलेलं नाही.”

हे शेवटचं त्यांनी छाती काढून सांगितलं. त्यांना त्याचा खरोखरच अभिमान होता.

बाबांनी शेजारी पडलेली गळाची काठी उचलली आणि फौजदारांपुढं धरली.

“धरा.”

काठीच्या दोऱ्याला एक जांभळं रबरी गांडूळ लटकत होतं. फौजदारांनी ते लगेच ओळखलं. न ओळखायला काय झालं? निवृत्तीनंतर साहेबांना मासेमारीचा नाद लागला. पुण्याहून या नकली गांडुळांची पाकिटं आणली, उन्हाळाभर याच काठावर बसले, एक मासा लागला नाही. ‘मासे काय खुळे आहेत होय, रबर खायला?’ म्हणत सगळा माल बाबांच्या ओट्यावर टाकून गेले. बाबा तेव्हापासून त्याच रबरावर मरळ काढत होते.

“आत्ता? बाबा, मी कशासाठी आलोय आणि…”

“धरा तर.”

फौजदारांनी धरली. दोन्ही मुठींत, दोरा ताठ ताणून.

“आरोपी पळून चाललाय व्हय?”

“घट्ट धरलं की झटका चुकत नाही.”

“बरं,” बाबा म्हणाले आणि दोरा पाण्यात शिरत होता त्या जागेकडे बघत बसले.

तळं पंचमीच्या आधी असतं तसं काठोकाठ भरलेलं होतं. वारा नव्हता…

“आली,” बाबा हळूच म्हणाले.

“कोण?”

“गेली.”

“कुठं काय? झटका तर लागला नाही.”

बराच वेळ गेला. फौजदारांच्या मुठी दुखायला लागल्या, पण त्यांनी तसं दाखवलं नाही.

“आली…” बाबा पुन्हा म्हणाले. “गेली.”

“चेष्टा करता का या वयात?”

“काढून बघा.”

फौजदारांनी दोरा ओढून काढला. गांडुळाची शेपटी गायब होती. उरलेल्या अंगावर बारीक, तिरके चरे उठले होते. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं. पंचनाम्याची सवय.

“हे आत्ताचं?”

“मग काय म्या चावलं? माज्या तोंडात दात तरी हायत का?”

“पण झटका दिलाच नाही तिनं!”

“झटका बारकं मासं देत्यात. थोराड मरळ नुसतं त्वांड उघडती आन् घेती. नकली हाय म्हनून कळलं की थुंकती. आन् दोरा ताणल्याला असला तर लगीच थुंकती. तिला कळतंय न्हवं, वर कुनीतरी टपून बसलंय.”

“मग आपल्याला कळणार कसं?”

बाबांनी शेपटी तुटलेलं गांडूळ काढलं. नवं गांडूळ लावलं. गळाचं टोक रबराच्या अंगात दडवलं, वर शिशाचा तुकडा सरकवला आणि दोरा लांब टाकला. मग काठी स्वतःच्या मांडीवर आडवी ठेवली आणि फौजदारांची उजवी मूठ एकेक बोट करून उघडली. मोकळ्या तर्जनीवर त्यांनी दोरा ठेवला.

“आता?”

“सैल ऱ्हाऊ द्या. सांगा, काय लागतंय?”

“…शिसं. जड लागतंय.”

“वढा जरा. हळू.”

“दगड आहेत खाली. टकटक होतंय.” फौजदारांना गंमत वाटली. “आता मऊ. चिखल असणार.”

“बोलू नका.”

फौजदार बोलायचे थांबले. हे त्यांच्या बायकोनं पाहिलं असतं तर तिनं बाबांच्या नावानं शिरणी वाटली असती.

थोडा वेळ बोटावर नुसतं ते जडपण होतं. एकसारखं. मग फौजदारांनी कपाळाला आठी घातली. दोरा वर उचलून पाहिला, खाली केला.

“बाबा, तुटला वाटतं.”

“काय झालं?”

“काहीच लागत नाही. एकदम हलका झाला.”

“तुटला न्हाई.”

“मग वजन कुठं गेलं?”

“तिच्या तोंडात हाय.”

फौजदारांचा हात जागच्या जागी थांबला. ओढावं असं त्यांना वाटलं, पण बाबांनी काठीला हातसुद्धा लावला नाही. पाण्यावर दोरा हळूहळू एका बाजूला सरकला, हातभर… आणि बोटावर शिसं पुन्हा जड झालं.

“थुंकली,” बाबा म्हणाले.

फौजदार बोटाकडे बघत राहिले.

“म्हणजे हलका झाला तेव्हाच…” ते म्हणाले आणि अर्ध्यावर थांबले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज लहान झाला होता.

बाबांनी विचारलं नाही. फौजदारांनीच सांगायला सुरुवात केली, तीही तळ्याकडे बघून.

“वैजू फोनवर फार कटकट करायची, बाबा. आधी गाऱ्हाणं, मग नमस्कार. सासू चहात साखर घालत नाही. नळाला पाणी एकदिवसाआड. जावई पंखा दुरुस्त करत नाहीत. आईनं लोणचं पाठवलं नाही. अण्णा, तुम्ही गोळी घेतली नसणार, मला ठाऊक आहे… कान किटायचे.”

“आन् आता?”

“आता म्हणते, सगळं छान आहे. तुम्ही जेवलात का? बास. फोन खाली.”

“कवापास्नं?”

“संक्रांत होऊन गेली होती…” फौजदारांनी बोटांवर महिने मोजले. “मला वाटलं, रुळली.”

बगळा परत येऊन खडकावर बसला. दोघंही त्याच्याकडे बघत होते.

“बाबा…”

“हं.”

“त्या दिवशी मी निघालो ना, तेव्हा ती घराला वळसा घालून मागच्या दारानं आली होती. माझ्या मोटारसायकलपाशी. हातात पाण्याचा तांब्या होता.”

“मग?”

“मी म्हटलं, विसरलीस काय? आपल्यात चालत नाही.”

“इसरली हुती?”

फौजदारांनी मान हलवली.

“कशी विसरेल? माझ्या बापानं तिच्या आत्याच्या दारात घसा कोरडा पडला तरी घेतलं नव्हतं. ती तेव्हा त्याच्या मांडीवर बसलेली होती. तिला पक्कं ठाऊक आहे.”

“मग काय म्हनाली?”

“काही नाही. उभी राहिली. मी किक मारली तरी उभीच होती, तांब्या धरून.”

शेडगे फौजदारांनी आयुष्यात दंगली पाहिल्या होत्या, विहिरीतून प्रेतं काढली होती. पण आता त्या काठावर बसून त्यांना भीती वाटली. साधी, बापाला वाटते तशी. कपाळावरचा घाम त्यांनी बाहीनं पुसला.

“संपतला आत्ताच्या आत्ता पाठवतो,” ते उठत म्हणाले. दोन पावलं गेले आणि थांबले. “नाही. मीच जातो. पण बाप कधी मुराळी होतो का, बाबा? लोक काय म्हणतील?”

“गाडीत पेट्रोल हाय का?”

“आहे.”

“मग झालं तर.”

फौजदार लिंबाखाली लावलेल्या मोटारसायकलकडे गेले. किल्ली लावली. पुन्हा काढली आणि परत काठाकडे आले. एवढा जन्म चौकशा करण्यात गेलेला माणूस. प्रश्न ठरवल्याशिवाय जायचं म्हणजे त्याला चुकल्यासारखं वाटत होतं.

“बाबा, गेल्यावर सुरुवात कशी करू? आधी सासूला बाहेर पाठवू, का हिला एकटीला बाजूला घेऊ? नेमकं काय विचारू तिला?”

बाबा दोरा गुंडाळत होते. सावकाश, काठीवर एकेक वेढा देत.

“काय बी इचारू नका.”

“मग करू काय?”

बाबांनी शेवटचा वेढा दिला आणि काठी बाजूला ठेवली…

“पाणी मागा.”