कड्याखालची चीर

एकदा एका पाषाणशिल्पी आचार्यांकडे विरूपाक्षशेट नावाचे व्यापारी आले. सोबत पणजोबांच्या काळापासून घरात असलेली, गडद हिरव्या दगडाच्या फुलदाण्यांची जोडी होती. दोन्हींच्या गळ्याभोवती सोन्याचा मुलामा दिलेले कांस्याचे नक्षीदार कडे होते. त्यांतली एक पाडव्याच्या साफसफाईत सुनेच्या, गिरिजेच्या हातून पडून दुभंगली होती.

"जिला जपता येत नाही, तिनं या घरातल्या कशालाच हात लावू नये, असं मी तिला बोललो," शेट म्हणाले. "ती माहेरी निघून गेली. मुलगाही माझ्याशी बोलत नाही. फुलदाणी सांधली म्हणजे सगळं पूर्ववत होईल."

त्यांना एका जागी बसवत नव्हते. ते दारापर्यंत जात, परत येत, पुन्हा विचारत, "सांधेल ना?"

फुटलेली फुलदाणी बाजूला ठेवून आचार्य धडधाकट फुलदाणीचेच कडे सैल करू लागले.

शिष्य सोमेश अस्वस्थ झाला. "आचार्य, ही तर अखंड आहे. हिला कशाला हात लावायचा?"

"दिवा जवळ धर."

कडे निघाले. खाली गळ्याला वळसा घालून गेलेली लांब चीर होती. शेटांचा चेहरा उतरला. "हे आत्ता झालं?"

"नाही. चिरेत भरलेली लाख पाहा, जुनी होऊन काळी पडली आहे," आचार्य म्हणाले. "घडवतानाच दगड तडकला असणार. कारागिराने तो टाकून दिला नाही. जिथे तडा गेला, तिथेच त्याने आपल्याजवळचे सर्वांत सुंदर काम बांधले. शेट, आपल्या घराण्याने इतकी वर्षे ज्याचे कौतुक केले, तो त्या कारागिराचा सांभाळ आहे. आपण मात्र तडा दिसताच माणूस टाकलेत."

शेटांनी त्या चिरेवरून बोट फिरवले. मग त्यांनी पागोटे उचलले.

"गिरिजेचं माहेर नदीपलीकडे आहे. आत्ता निघालो तर संध्याकाळच्या आत पोहोचेन. माफी मागायची म्हणजे स्वतःच गेलं पाहिजे."

ते भराभर पायऱ्या उतरून गेले. सोमेशने फुटलेल्या फुलदाणीकडे बोट दाखवले. "ही कधी हवी, ते त्यांनी सांगितलंच नाही."

"आता सावकाश केली तरी चालेल," आचार्य म्हणाले, आणि त्यांनी लाख तापायला ठेवली.