अर्ध्यावर राहिलेलं वाक्य

उतावळसेन राजाच्या हत्तीने म्हाळसा कुंभारणीची मडकी तुडवली, तीही सलग चौथ्यांदा! नदीवर डुंबायला जाताना त्याला नेमकी तिच्याच अंगणातून वाट सापडायची. आणखी एक खेप फुटली असती, तर बिचारीवर चाकच विकायची पाळी आली असती.

तक्रार घेऊन ती तीनदा दरबारात गेली होती. पण राजाला एक खोड होती. समोरच्याचं वाक्य तो स्वतःच पुरं करायचा!

"म्हाराज, तुमचा हत्ती..."

"फार देखणा आहे! ठाऊक आहे. चला, पुढचा!"

चौथ्या खेपेला मात्र म्हाळसा जागची हलली नाही.

"म्हाराज, मला जरा पुरं बोलू..."

"देतोच की!" राजा म्हणाला. "आम्हाला पुरं करता येणार नाही, असं वाक्य अजून जन्मायचंय! असेल हिंमत, तर बोलून दाखव. सूर्य मावळेपर्यंत ते पुरं केलं, तर तुझ्या अंगणात आमचा हत्तीखाना! हरलो, तर मागशील ते देऊ!"

म्हाळसाने वाक्याचा शेवट आधी प्रधानाच्या कानात सांगून ठेवला. उद्या कुणी लबाडी म्हणायला नको! ऐकताच प्रधानाने उपरण्याचं टोक तोंडात कोंबलं.

मग ती म्हणाली, "गावातली मानसं म्हनत्यात, आपला राजा..."

आणि गप्प बसली.

"शूर आहे!"

"न्हाई."

"दानशूर आहे!"

"न्हाई, म्हाराज."

"मिशा झोकदार आहेत?"

"मिशा झोकदारच हायेत. पर वाक्य त्ये न्हाई."

राजा जेवायला बसला, तरी डोक्यात तेच. आमटीचा भुरका मारता मारता ओरडला, "उंच आहे?" प्रधानाने नकारार्थी मान हलवली. दुपारभर राजाने स्वतःची इतकी स्तुती केली, की भाटांना पोटापाण्याची काळजी लागली. स्तुतीपलीकडचं मात्र त्याला काही सुचेना. सुचणार कसं? तसं वाक्य त्याच्या कानावर कधी पडलंच नव्हतं!

सूर्य मावळला.

"हरलो!" राजा केस उपटत म्हणाला. "सांग बाई, आपला राजा काय?"

"कुनाचं बोलनं पुरं हुऊच देत न्हाई!"

केसांतले हात राजाने खाली घेतले.

"एवढं सोपं? हे कुणाकुणाला ठाऊक आहे?"

"समद्यांस्नी. येक तुमी सोडून."

राजाच्या मिशा थरथरल्या. मग तो असा हसला, की मुकुट घसरून नाकावर आला. "बोल, काय हवंय?"

"म्हाराज, तुमचा हत्ती..."

राजाचं तोंड उघडलं. प्रधान खाकरला. राजाने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. म्हाळसाने मग घाई केलीच नाही. पहिल्या मडक्यापासून शेवटच्या रांजणापर्यंत सगळं साग्रसंगीत सांगितलं.

"हत्तीची वाट आजच बदला!" राजाने हुकूम सोडला. "फुटलेल्या मडक्यांची भरपाई द्या! आणि या बाईला आमच्याकडून..."

"सोन्याच्या पाटल्या!" म्हाळसाने वाक्य पुरं केलं.

राजा पोट धरधरून हसला आणि पाटल्या मागवल्या.